तोकुजीचं लग्न

इस्त्री थांबली होती. कापड जळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग शिनोनं ती उचलली आणि दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर एक तपकिरी होडी उमटलेली मला दिसली. तोक्योच्या या गल्लीत आम्ही कितीतरी वर्षं लोकांचे कपडे धुतो, वाळवतो, इस्त्री करतो. बटणं तुटली, रंग गेले, एकदा एका बाईचा रेशमी किमोनो आटून तिच्या मुलीच्या मापाचा झाला. पण जळलं कधी काही नव्हतं. शिनोचा हात थांबत नसे. ती बोलत असो, रेडिओ ऐकत असो, रडत असो, हात चालूच. (रडत असो हे मी उगाच म्हटलं. तिला रडताना मी एकदाच पाहिलंय, तिची आई गेली तेव्हा. तेव्हाही ती भांडी घासत होती.) तो हात एका वाक्यानं थांबला. वाक्य योहेइमामाचं होतं. हा शिनोचा लांबचा मामा, आमच्याच गावचा, थोरल्या मुलाकडे राजधानी बघायला आलेला. येताना खारवलेल्या वांग्यांचं मडकं घेऊन आला होता आणि दुकानाच्या पायरीवर बसून चहा फुंकत होता.

"अरे हो, सांगायचंच राहिलं," तो म्हणाला. "तोकुजीचं लग्न झालं. वसंतात."

तोकुजी न्यू गिनीच्या जंगलात मेला, त्याला अठरा वर्षं होतील. मी तिथे होतो.

"कोणाशी?" शिनोनं विचारलं.

"कोणाशी म्हणजे? चित्रातल्या बाईशी. ताकेकाकूला एकसारखा स्वप्नात यायचा म्हणे. काही बोलायचा नाही, नुसता दारात उभा. मग त्या आंधळ्या म्हातारीकडे गेली विचारायला, ती मेलेल्यांचं बोलते ना, ती. तर ती म्हणाली, पोराचं वय उलटून चाललंय, अजून एकटा ठेवलाय. झालं. चित्र काढून घेतलं आणि डोंगरावरच्या कानोनदेवीच्या देवळात लावलं. साके पण वाटली. बरी सून मिळाली म्हातारीला. खात नाही, उलटून बोलत नाही."

"दिसायला कशी आहे?" हे मी विचारलं. आवाज सहज ठेवून.

"झकास. गोल चेहरा, इथे असं... म्हणजे आपली शिनो नव्हती का त्या वेळी, साधारण तशी—" आणि तो थांबला. त्यानं पायरीच्या लाकडावर बोटं आपटली. "छे, काहीतरीच बोलून गेलो. तशी म्हणजे तशी नाही. कुणासारखीच नाही. कुणासारखी कशी असेल?"

कुणासारखी असताच कामा नये. हे आमच्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतं. मेलेल्याशेजारी जिवंत माणसाचा चेहरा काढायचा नाही. नवरीला गावात कुणाचं नसेल असं नाव द्यायचं, कुणाचा नसेल असा चेहरा द्यायचा. नाहीतर ज्याचा चेहरा काढला त्याला मेलेला हळूच घेऊन जातो. शिनो तेव्हा शर्ट उचलून उजेडात धरत होती. डागातून उजेड वेगळा येत होता.

कोणाशी. मी त्या शब्दापाशी परत परत येतो. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ताकेकाकूंनी शेवटी केलं का ते. म्हणाली असती, बरं झालं बाई. हिनं विचारलं, कोणाशी. जसं काही तो पलीकडच्या खोऱ्यात राहतो, भातशेती करतो, आणि हिला न कळवता कुणीतरी मध्यस्थानं कुठलीतरी मुलगी आणून त्याच्यासमोर बसवली. मामा गेल्यावर मी तिला म्हणालो, डॉक्टरांना काय सांगायचं? ती म्हणाली, नवा शर्ट घेऊन देऊ. मी म्हणालो, तुझा हात कसा थांबला? ती म्हणाली, मामांचं बोलणं ऐकत होते. खरं बोलत होती. शिनो खोटं बोलत नाही. विचारलेल्याचं उत्तर देते आणि न विचारलेल्याचं देत नाही. मी जे विचारायला हवं ते विचारत नाही. आमचा संसार असा छान चालला आहे.

मेलेल्या माणसाचा मत्सर करणं अवघड काम आहे. जिवंत माणसाशी काही जमतं. त्याला टक्कल पडतं, तो उसने शब्द वापरतो, दारू पिऊन चौकात पडतो, आपण बायकोला म्हणू शकतो, बघ, तुझा तो. तोकुजी वीस वर्षांचा होता आणि वीस वर्षांचाच राहिला. गेल्या हिवाळ्यात माझी दाढ काढली तेव्हा मला पहिला विचार आला तो त्याच्या दातांचा. त्याचे दात फार चांगले होते. तो विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचा, त्यामुळे विनोद कसाही असला तरी लोक हसलेले असायचे. मी नीट, वेळ साधून सांगितलेला विनोद पडायचा.

त्याच्याबद्दल सांगायचं तर फार नाही. वीस वर्षांत माणसाचं होऊन होऊन किती होणार. बाप लहानपणीच बर्फाखाली गेला. आई आणि तो, आणि माळ्यावर रेशमाचे किडे. तुतीच्या पानांचे भारे आणून आणून त्याचा एक खांदा खाली गेला होता. डाव्या भुवईत विळ्याचा व्रण, तिथे केस उगवत नसत. पोहता येत नव्हतं. शरद ऋतूत सगळं गाव नदीकाठी दगडांवर मोठी कढई ठेवून अळकुड्यांचा रस्सा करायचं तेव्हा हा पँट गुडघ्यावर घेऊन काठाकाठानं फिरायचा आणि म्हणायचा, आज पाणी गार आहे, उद्या पोहीन. माझ्या हनुवटीला खळी आहे. तो म्हणायचा, "इसाकु, तुझ्या हनुवटीत भाताचं शीत मावेल, उपाशी मरणार नाहीस तू." बायका हसायच्या. शिनो हसायची. ती गिरणीवाल्याची मुलगी, आमच्याहून दोन वर्षांनी लहान. ती हसताना तोंडावर बाही धरायची, त्यामुळे ती कुणाकडे बघून हसते ते कळायचं नाही. मी फार प्रयत्न केला.

पट्टा. पहिल्यांदा, जसा मला आठवायला आवडतो तसा.

निघायच्या दिवशी गावच्या देवळाच्या अंगणात आम्ही दोघं उभे होतो. सैन्यात निघणाऱ्याच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा पांढरा कापडी पट्टा घालतात, त्यावर शाईनं ठसठशीत नाव. साके पाजलेली होती. सरपंचांचं भाषण लांबलं होतं. मुलींचा घोळका कागदी निशाणं घेऊन आला, आणि त्यातून शिनो पुढे आली, माझ्यासमोर थांबली, आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा वाकडा झाला होता तो तिनं दोन बोटांनी धरून सरळ केला. परत घोळक्यात गेली. बस. पुढच्या सगळ्या बोटी, सगळे चिखल, सगळा ताप मी त्या दोन बोटांवर काढला.

पट्टा, दुसऱ्यांदा, जसा होता तसा.

माझ्या खांद्यावर तोकुजीचा पट्टा होता. भाषण संपायची वाट बघताना त्यानंच काढला होता तो खेळ. त्याला चढली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, वरून बोलावणारा नावं वाचून बोलावतो. इतक्या गर्दीत चेहरे कुठले लक्षात ठेवणार तो? आपण बदलू. त्याची पंचाईत करू." मी म्हणालो, वेडा आहेस. म्हणेपर्यंत त्याचा पट्टा माझ्या गळ्यात आणि माझा त्याच्या. तेवढ्यात फोटोवाला आला. त्याच्याकडे फोटोची एकच काच उरली होती, म्हणून त्यानं दोघांना एकत्र उभं केलं. आम्ही हसू दाबून तसेच उभे राहिलो, मी तोकुजी आणि तो इसाकु. ताकेकाकू तेव्हा मागे स्वयंपाकात होत्या. आणि मग शिनो आली. पट्टे आम्ही स्टेशनवर परत बदलले. टोप्या बदलाव्यात तितक्या सहज.

तर प्रश्न असा. तिनं नाव सरळ केलं की माणूस?

एवढाच प्रश्न आहे. हसण्यासारखा आहे, मला माहीत आहे. लोकांची घरं जळली, शहरं गेली. पण माझ्याजवळ हाच आहे. ती नाव वाचून आली असेल तर ती तोकुजीकडे आली, चेहऱ्याकडे वर न बघता, लाजेनं. आणि मग मी जे तिच्याशी लग्न केलं ते दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेलं सामान घरात घेतल्यासारखं. आणि मला पाहून आली असेल तर. तर काही नाही. तर मी सुखी माणूस आहे आणि इतकी वर्षं फुकट घालवली.

तोकुजीला याचं उत्तर माहीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. किनाऱ्यापासून आत, जिथे आमच्या तुकडीचं तुकडीपण संपलं होतं आणि माणसं दोन-दोन तीन-तीन मिळून चालत होती, तिथे एका पडलेल्या झाडाच्या मुळांत आम्ही बसलो होतो. शत्रू बरेच दिवस दिसला नव्हता. दिसायची गरजही नव्हती. तोकुजीला ताप होता, पोट वाहत होतं, त्याचे ते चांगले दात आता चेहऱ्यापेक्षा मोठे दिसत होते. त्याला अळकुड्यांच्या रश्श्याचा वास येत होता. म्हणाला, "कांदा नंतर घाला रे, आत्ताच नका घालू." मी म्हणालो, नंतरच घालणार आहेत. मग एकदम शुद्धीतल्या आवाजात तो म्हणाला, "परत गेलो की शिनोच्या बापाला विचारणार आहे. तिनं माझा पट्टा सरळ केला. सगळ्यांसमोर."

मी त्याच्या तोंडाला पाणी लावत होतो. मी म्हणालो, "पट्टा माझ्या अंगावर होता."

"नाव माझं होतं."

"अंग माझं होतं."

तो हसायला लागला. विनोद सांगायच्या आधी हसायचा तसा. पुढचा विनोद आलाच नाही. त्यानंतर तो आणखी काही वेळ जगला, दुपार कलेपर्यंत, पण बोलला नाही. त्याला मातीत ठेवताना मी रडलो, हे खरं आहे. आणि रडताना माझ्या मनात हेही होतं की याचंच बरोबर असेल तर. दोन्ही एकाच वेळी होतं. एका भांड्यात तेल आणि पाणी असतं तसं नाही. मिसळलेलं होतं.

ताकेकाकूंकडे सरकारनं पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी पाठवली. हलवली की आत खडा वाजायचा. त्या खड्याला त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. मी परत आलो, भेटायला गेलो, त्या म्हणाल्या, "तू जेवलास का?" पुढच्या वर्षी मी शिनोच्या वडिलांकडे विचारणं धाडलं. शिनो हो म्हणाली. तिला विचारलं गेलं तेव्हा गावात लग्नाच्या वयाचा मी एकटाच उरलो होतो, दोन्ही पाय असलेला. हो कशाला म्हणाली असेल ते यावरून कळत नाही. नंतर आम्ही इकडे आलो. मूल झालं नाही. दुकान झालं.

मामा येऊन गेल्यापासून मी तिला बघतो आहे. ओले कपडे झटकताना, दोरीवर टाकताना, चिमटा ओठांत धरताना. मी तिचा चेहरा गोल करून बघतो, अठरा वर्षं पुसून बघतो, पांढरी टोपी घालून बघतो नवरीची. जमतो. फार चांगला जमतो. मग मला त्या चित्रकाराचा राग येतो, त्याला कुणी सांगितलं असेल? ताकेकाकूंनीच. आयांना कळत असतं. पोरगा जेवताना कुणाचं नाव काढतो, कुणाचं काढत नाही. आणि मग मी स्वतःला सांगतो की मला तिची काळजी वाटते आहे. जिवंत बाईचा चेहरा. तो तिला घेऊन जाईल. ती खोकली की मी वळून बघतो. पण मी काही इतका चांगला माणूस नाही. खोकल्यापेक्षा मला दुसरंच दिसत असतं: सोनेरी पडद्यापुढे लाल गालिच्यावर ती त्याच्या शेजारी बसली आहे, काळोख्या देवळात, आणि लोक मेणबत्ती लावून पुढे जाताहेत आणि म्हणताहेत, जोडा छान आहे. ती कुठेही गेलेली नाही, माझ्यासमोर मोजे जोडीनं लावते आहे, आणि तरी ती तिथे बसली आहे. वसंतापासून. मला न सांगता.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "या बोनला गावी जाऊ या."

बोन म्हणजे मेलेले घरी येतात ते दिवस. इतक्या वर्षांत ती कधी जाऊ म्हणाली नव्हती. गिऱ्हाईकांचे कपडे अडकतात म्हणायची.

"का?" मी म्हणालो.

"ताकेकाकूंचे डोळे गेलेत, मामा म्हणत होते. भेटून येऊ."

"आणि देवळात?"

तिनं खारवलेल्या वांग्याचा तुकडा माझ्या वाटीत टाकला. "जाऊ की. तिथवर गेल्यावर न जाऊन कसं चालेल." मग थोड्या वेळानं, वाटी पुसत, "तुमचा मित्र ना तो."

तुमचा मित्र. त्या 'तुमचा'वर मी रात्रभर कूस बदलली.

गाडीत ती खिडकीशी बसली. मी तिच्या काचेतल्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यातून शेतं जात होती, मग डोंगर, मग बोगद्यात नुसता चेहरा. गावात पोचलो तेव्हा दारादारांत मेलेल्यांसाठी काकडीचे घोडे करून ठेवलेले होते, काड्यांचे पाय खोचलेले. त्यांनी लवकर यावं म्हणून घोडा. परत जाताना सावकाश जावं म्हणून वांग्याचा बैल. ताकेकाकूंच्या उंबऱ्यावरचा घोडा एका पायानं बसला होता, डोळे नसताना केलेला. शिनोनं वाकून त्याचा पाय नीट केला. मी ते बघितलं. मी सगळं बघत होतो.

म्हातारी जाळीच्या दारामागे बसली होती, भोपळ्याच्या बिया सोलत. चेहरा आमच्याकडे नव्हता, कान होता.

"इसाकु," ती म्हणाली. "चालण्यावरून ओळखलं. आणि ही शिनो. तोक्योत राहून आवाज न करता चालायला लागलीस गं. जेवलात का?"

जेवण झालं. शिनो तिच्याशेजारी बसून पंख्यानं वारा घालत होती. इकडचं तिकडचं झालं, कुणाच्या घरात गॅस आला, कुणाची सून पळाली. मग काकू म्हणाल्या, "देवळात जाणार आहात ना? जाच. मला डोंगर चढवत नाही, आणि चढून काय बघणार? तुम्ही बघून या आणि मला सांगा, चेहरा बरोबर आलाय का. चित्रकार बाहेरगावचा. त्याला कुठे ठाऊक आमचा तोकुजी. तो एकच तर फोटो, तुमचा दोघांचा. तो मला विचारायला लागला, आजी, यातला कोणता? आता मला दिसतंय का? मी म्हटलं, अहो, छातीवर नाव लिहिलंय की भलंमोठं. वाचा आणि काढा."

तिला आपल्या युक्तीचं कौतुक वाटत होतं. ती हसली. तोकुजीचे दात तिच्याकडून आले होते. आता तिला दोनच उरले होते.

मी ऐकलं. पण ऐकलेलं आत गेलं नाही. माझं सगळं लक्ष नवरीकडे होतं. काकू नवरीबद्दल काहीच का बोलत नाहीत, हे मी मनात धरून बसलो होतो. जणू त्या शिनोसमोर मुद्दाम टाळत होत्या.

देवळाची चढण देवदारांतून होती. शिनो पुढे, मी मागे. तिच्या मानेवर घाम होता. तिथे एक नवी पांढरी बट होती आणि मला वाटलं, त्या तिथे वर बसलेलीला नसणार. आत अंधार होता आणि उदबत्त्यांचा जुना वास. भिंती वरपासून खालपर्यंत लग्नांनी भरलेल्या. जुनी लाकडावरची, नवी चौकटीतली. सैनिकांची, लहान वयात तापानं गेलेल्यांची, एक तर कडेवरच्या वयात गेलेला पोर, चित्रात मोठा करून नवरदेव केलेला. सगळे नवरदेव समोर बघत होते. सगळ्या नवऱ्या किंचित खाली. मी खाली नावं वाचत सरकत होतो आणि सापडलं तेव्हा मी नाव वाचलं आणि लगेच नजर उजवीकडे टाकली, नवरीवर.

ती शिनो नव्हती.

कुणीच नव्हती. गोल चेहरा, बारीक तोंड, जरा वर गेलेल्या भुवया. मिठाईच्या डब्यावर असते तशी बाई. शिनोचं एकही काही तिच्यात नव्हतं, कानसुद्धा नाही. मला हसू आलं. मामा गाढव. मी गाढव. मी वळून शिनोला म्हणणार होतो की बघ, किती साधी आहे बिचारी. पण शिनो नवरीकडे बघतच नव्हती. तिच्या तोंडून श्वास आत घेतल्याचा बारीक आवाज आला.

"अहो," ती म्हणाली. "हे तुम्ही आहात."

मग मी नवरदेवाकडे बघितलं. काळा किमोनो, हातात मिटलेला पंखा. दोन्ही भुवया अखंड. खांदे सारखे. आणि हनुवटीत खळी, चित्रकारानं जरा जास्तच खोल काढलेली, भाताचं शीत मावेल अशी. मी वीस वर्षांचा. मी विसरलो होतो की मी असा दिसायचो. खाली लिहिलं होतं तोकुजी, आणि तो कुठे पडला ते.

छातीवर नाव लिहिलंय की. वाचा आणि काढा. आता ते आत गेलं. काकूंना डोळे होते तेव्हा त्यांनी तो फोटो हजारदा बघितला असेल. पण आई पोराच्या फोटोत नाव कशाला वाचेल? तिला चेहरा होता. डोळे गेल्यावर तिनं नावावर विश्वास टाकला.

आम्ही दोघंच होतो. बाहेर सिकाडे किडे एका सुरात ओरडत होते. शिनोनं माझी बाही घट्ट धरली होती, दंडाला बोटं रुतत होती. "जिवंत माणसाचा," ती म्हणाली. "पुजाऱ्यांना सांगू. काढून टाकतील. आजच सांगू."

ती घाबरली होती. माझ्यासाठी. हे मला कळलं, आणि कळलं तरी पुरेना. माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं, इतक्या वर्षांनी, अगदीच भलत्या वेळी.

"त्या दिवशी माझ्या अंगावर त्याचं नाव होतं. तू पट्टा सरळ केलास. कुणाचा केलास?"

तिनं बाही सोडली. माझ्याकडे बघत राहिली, गिऱ्हाईकानं तक्रार करावी आणि ती कोणत्या कपड्याबद्दल आहे हेच कळू नये तसं.

"त्याचं नाव होतं?"

"आम्ही बदलले होते. गंमत म्हणून."

"मी नाव वाचलंच नाही," शिनो म्हणाली. "नाव कशाला वाचू? मी याच्याकडे आले होते." आणि तिनं बोट केलं. माझ्याकडे नाही. चित्राकडे, त्या खळीकडे. "इतकी वर्षं हे मनात ठेवून बसला होतात? म्हणून मला गावी आणत नव्हतात?"

"तूच येत नव्हतीस."

"तुमचं तोंड उतरायचं म्हणून येत नव्हते. तोकुजीचं नाव निघालं की तुमचं तोंड उतरतं. मला वाटायचं, दुःखानं."

मी जिंकलो होतो. हे मी स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं, जिंकलास. मग तिनं पुन्हा चित्राकडे मान वळवली. चौकट जरा कलली होती. तिनं दोन बोटांनी तिचा खालचा कोपरा धरला आणि ती सरळ केली. तीच बोटं. आता साबणानं आणि सोड्यानं सालं निघालेली, तरी तीच. सरळ झाल्यावरही तिनं ती काढली नाहीत. ती त्या वीस वर्षांच्या पोराकडे बघत होती, बाही तोंडावर न धरता. असं तिनं माझ्याकडे कधी बघितलं होतं? बघितलंही असेल, तेव्हा, अंगणात, मी सरपंचांकडे बघत असताना. मी तिच्या मागे उभा होतो, दाढ काढलेला, पाठीत वाकलेला. तिची मान इकडे वळावी असं मला वाटत होतं. तो माझ्यापेक्षा देखणा होता. त्याला तोकुजी म्हणत. त्याच्याशेजारी बायको होती, ती म्हातारी होणार नव्हती. आणि तरी माझी त्याच्याकडे बघत होती.

"सांगू या ना पुजाऱ्यांना?" ती म्हणाली.

मी विचार करत होतो. सांगितलं तर चित्र उतरेल. उतरवलं की काकूंना का ते सांगावं लागेल. वसंतापासून त्या या दिशेला तोंड करून हात जोडतात. दुसरा फोटो नाही. फोटोतल्या इसाकु लिहिलेल्या पोराला वेगळा काढून पुन्हा चित्र करता येईल, हे खरं. पण दुसऱ्या चित्रापर्यंत त्या राहतील का, आणि त्या दरम्यान स्वप्नात दारात येऊन कोण उभं राहील? आणि खरं सांगायचं तर, याहून वेगळाही एक विचार होता. वरून बोलावणाऱ्याची पंचाईत करायची होती तोकुजीला. झाली होती. माझं सगळं याला जाऊ दे पण हा जगू दे, असं मी जंगलात कितीदा म्हटलं होतं. आता एक गोष्ट गेली होती. नेमकी तीच, जिच्यासाठी शिनो घोळक्यातून पुढे आली होती.

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, पण—"

"नाव माझं नाही ना खाली. वरून बोलावणारा नावं वाचतो."

ती उतरताना माझ्या बाजूनं चालली. हात धरला नाही, पण बाहीला बाही लागत होती. मध्येच म्हणाली, "खोकला वगैरे आला तर लगेच सांगायचं." मी म्हणालो, सांगीन.

काकू तिथेच बसल्या होत्या. बिया संपल्या होत्या, पण बोटं अजून सोलत असल्यासारखी हलत होती. आमची पावलं ऐकून त्या सरळ बसल्या. शिनोनं पंखा उचलला आणि त्यांच्याशेजारी बसून पुन्हा वारा घालू लागली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "काय रे इसाकु. चेहरा बरोबर आलाय का?"

"बरोबर आलाय," मी म्हणालो. "अगदी तोकुजी. भुवईतला व्रणसुद्धा आलाय, काकू."

"व्रण?" त्यांचा चेहरा उजळला. "व्रणाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. फोटोत इतकं बारीक दिसलं असेल त्याला? काय डोळे असतात एकेकाचे." त्या बराच वेळ स्वतःशी मान हलवत राहिल्या. "हसतोय का?"

"हसायच्या बेतात आहे."

"तो तसाच." मग त्यांनी शिनोच्या गुडघ्यावर थोपटलं. "आणि आमची सून? ते पुरुषांना कळत नाही. तू सांग. कशी आहे?"

"चांगली आहे, काकू," शिनो म्हणाली. "माझ्यापेक्षा देखणी."

म्हातारी हसली, थट्टा समजून. शिनोही हसली. पण तिच्या हातातला पंखा थांबला होता. कापड जळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग तो पुन्हा हलू लागला.